जेलीफिश आणि साळूकाकीची पळी

जेलीफिश चरबी कसा पचवतो, या विषयावर माझी पीएचडी आहे. महाडच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या माणसाने हा विषय का घ्यावा, असं लोक विचारतात. महाडला समुद्र नाही. पोलादपूरला तर नाहीच, आणि आमचं मूळ घर पोलादपूरच्याही वर, कुडपणच्या अंगाला डोंगरमाथ्यावरच्या एका वाडीत; तिथल्या निम्म्या लोकांनी समुद्र पाहिला तो मुंबईत कामाला लागल्यावर, सुट्टीच्या दिवशी. पण माझ्या गाइडना विषय आवडला होता आणि मला गाइड बदलायचा कंटाळा आला होता. आपल्याकडचं बरंचसं संशोधन असंच होतं. श्रीवर्धनहून एसटीने मी बादलीतून जेलीफिश आणायचो. कंडक्टर बादलीत डोकावून म्हणायचे, "सर, मासा राहिला वाटतं. नुसतंच पाणी घेऊन चाललात."

वाडीत या पदवीचा अर्थ सरळ होता. राजेंद्र पोटाचा डॉक्टर झाला. कुणाच्या म्हशीचं पोट फुगलं की मला फोन यायचा. मी सांगायचो, मी फक्त जेलीफिशचा आहे. ते म्हणायचे, "बरं, मग त्याचं पोट फुगल्यावर काय देता?"

साळूकाकी माझी चुलती. काका वारल्यापासून वाडीतला सगळ्यात मोठा गोठा तिच्या शब्दावर चालतो. शब्दावर म्हणण्यापेक्षा पळीवर. आमच्याकडे पहिल्या वेताची म्हैस व्याली की तिचं पहिलं तूप आधी ग्रामदेव भैरीच्या दिव्यात जातं. मग त्यातलंच पळीभर तूप घरातली मोठी बाई वाडीदेखत उभ्याने पिते आणि ओट्यावर बसून राहते. गुरं घरी येईपर्यंत तिने पोट धरलं नाही, की तूप विकायला, खायला, पाहुण्याच्या पानात वाढायला मोकळं. आणि जिची पळी तिचा गोठा. कुठली म्हैस ठेवायची, कुठली काढायची, रेडकू कुणाला द्यायचं, हे तीच ठरवणार. पोट धरलं तर पळी घरातल्या दुसऱ्या बाईकडे जाते आणि परत येत नाही.

गेल्या वर्षी साळूकाकी पोट धरू लागली. गोठ्यात तेव्हा पहिल्या वेताची म्हैस नव्हती, म्हणून कुणाला कळलं नाही. सुनेला, ज्योतीला, कळलं. ती सासूला जीपमध्ये घालून महाडला घेऊन आली आणि मला फोन केला.

महाडच्या सर्जन डॉक्टर सारिका माझ्या विद्यार्थिनी. मला बघून त्या अजून उभ्या राहतात, आणि मग मी सांगितलेलं काही करत नाहीत. त्यांनी सोनोग्राफी बघून सांगितलं की पित्ताशयात खडे आहेत, पिशवीला सूज आहे, पिशवी काढावी लागेल आणि लवकर. आत फुटली तर जिवावर बेतेल.

"काढल्यावं तूप पचंल?" साळूकाकीने विचारलं.

"सुरुवातीला जपून खायचं, आजी. मग हळूहळू सगळं चालेल."

साळूकाकीला यातला 'जपून' एवढाच शब्द ऐकू आला. जपून पळी घेता येत नाही. चांदी नावाची तिची पारडी पहिल्यांदाच गाभण होती, चार-पाच महिन्यांत व्यायची होती. काकीने पदर आवरला. "ज्योते, जीपवाल्याला हाक मार. घरला जायाचं."

बाहेर बाकड्यावर तिने मला शेजारी बसवलं. "राजू, तू पोटातला ना? खरं सांग रे. पित्ताची पिशवी नसली तर तूप पचतं का नाय?"

या प्रश्नाचं उत्तर एका वाक्याचं होतं. पित्त यकृतात तयार होतं, पिशवी ते नुसतं साठवते. टाकी काढली तरी नळ चालू राहतो. चौथीतल्या पोराला कळलं असतं. पण उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी मला माझ्या विषयातला प्रश्न विचारत होतं. माझ्या बायकोनेही कधी विचारला नव्हता.

"काकी," मी म्हटलं, "जेलीफिशला पित्ताशय नसतं."

"कुणाला?"

"समुद्रात असतो. छत्रीसारखा तरंगत असतो. त्याला हाडं नाहीत, रक्त नाही, मेंदू नाही, यकृत नाही, आतडी नाहीत. नुसतं पोट. त्या पोटात दोऱ्यांसारखे बारीक तंतू असतात. खाणं आत आलं की हे तंतू पाचक रस सोडतात. त्या रसात विकरं असतात. त्यातलं एक लायपेज. ते चरबी तोडतं. मग पोटाच्या अस्तरातल्या पेशी तिचे बारीक थेंब गिळतात आणि राहिलेलं आतल्या आत पचवतात."

"पित्ताबिगर?"

"पित्ताबिगर."

"किती चरबी पचवतं?"

"खाईल तेवढी," मी म्हटलं. हे शास्त्रीय विधान नव्हतं. भरात बोललो.

काकी जरा वेळ समोरच्या भिंतीवरच्या बाळाच्या चित्राकडे बघत राहिली. "आन् ते जितं असतं?"

"जितं असतं की."

"बरं. इचार करते." आणि जीप सुटेपर्यंत ती शांत होती. माझ्या पीएचडीचा समाजाला उपयोग झाला, असं त्या संध्याकाळी मला वाटलं. तेव्हा एवढंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी मंगेशचा फोन आला. मंगेश साळूकाकीचा मुलगा. परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात लिफ्टवर असतो. वाडीतल्या कुठल्याही आजारावर शेवटचा शब्द त्याचा, कारण मोठमोठ्या डॉक्टरांना तो रोज वरखाली करतो.

"दादा, आईने सांगितलं सगळं. फक्त एक विचारायचं होतं. जेलीफिश लोकल टाकणार की इम्पोर्टेड?"

"कुठे टाकणार?"

"पित्ताशयाच्या जागी. मला आयडिया आहे त्याची. आमच्याकडे डुकराचा व्हॉल्व बसवतात हार्टमध्ये, सेम टेक्नॉलॉजी. माणूस दुसऱ्या दिवशी चालायला लागतो, मी स्वतः खाली सोडलाय एकाला."

"मंगेश, असं काही बसवत नाहीत. मी फक्त उदाहरण दिलं होतं."

"हा, म्हणजे अजून पब्लिकला सांगितलेलं नाय."

"पब्लिकला नाही, कुणालाच नाही. कारण असं काही नाहीच."

"आमचे सर पण सेम असंच बोलतात. तू टेन्शन नको घेऊ, दादा. मी कुणाला बोलणार नाय."

संध्याकाळी तो वाडीच्या मुंबईकर मंडळाच्या ग्रुपवर बोलला. खाली अठरा अंगठे आणि एका माशाचं चित्र होतं.

रविवारी मी वर गेलो. गैरसमज समोरासमोर बसून दूर करावेत, असं मला तेव्हा वाटायचं. जीप पोलादपूरहून वर चढेपर्यंत मी वाक्य पाठ केलं होतं: टाकी काढली तरी नळ चालू राहतो. भैरीच्या देवळापुढे महादू गुरव आणि भावकीतला हैबती बसले होते. साळूकाकी जरा पलीकडे सुपात तांदूळ निवडत होती. ज्योतीने चहा आणला.

"सर, कौल झाला," महादू म्हणाला.

आमच्याकडे मोठी गोष्ट करायची तर देवाला विचारतात. मूर्तीच्या दोन्ही खांद्यांना ओले तांदूळ लावायचे. उजवीकडचे आधी पडले तर होकार.

"कशाचा कौल?"

"तुमच्या जनावराचा. पुरा उजवा. लावला नि पडला. पाण्याच्या टाकीसाठी इचारलं तवा पन इतका बेगीन दिला नव्हता."

"टाकी कोरडीच हाय," हैबती म्हणाला.

"ती सरकारनं कोरडी ठेवली. देवानं हो म्हटलेलं."

"विचारलंत काय नेमकं?" मी विचारलं.

महादूने डोळे मिटले आणि देवापुढच्या आवाजात म्हणून दाखवलं. "साळूबाईच्या पोटातली पित्ताची पिशवी काढून त्या जागी राजूसरांचं समुद्रातलं जनावार घालायचं, तर ती पळी पचवील का, बाबा? बाबा म्हनला, पचवील."

मी चहा खाली ठेवला आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. जेलीफिश समुद्रात राहतो आणि तिथेच राहणार. काकीच्या पोटात कुणी काही घालणार नाही. फक्त पिशवी काढतील. पित्त यकृतातून थेट आतड्यात उतरेल, तूप पचेल. टाकी काढली तरी नळ चालू राहतो.

सगळ्यांनी कोरड्या टाकीकडे बघितलं. मग माझ्या लक्षात आलं की आमच्या वाडीत टाकी आहे आणि नळ कधीच चालू झालेला नाही. उदाहरण महाडचं होतं.

"म्हंजे जनावार घालणार नाय," महादू सावकाश म्हणाला.

"नाही."

"मग देव खोटं बोलला?"

"देव नाही हो. प्रश्न चुकला."

"प्रश्न मी इचारला."

"मग परत लावा ना कौल. नुसती पिशवी काढायची, असं विचारा."

"एकदा उजवा दिल्यावं परत इचारायचं म्हंजे देवाला बहिरा समजायचं. तसं नाय चालत, सर." महादू रागावला नव्हता. कॉलेजात मी नापास मुलाच्या बापाशी बोलतो तसा तो माझ्याशी बोलत होता. "देवानं जनावार घालायला हो म्हटलंय. नुसती पिशवी काढायला नाय म्हटलेलं. तुम्ही जनावार तेवढं आणा, बाकीचं डॉक्टरीणबाई बघतील."

"एक शंका," हैबती म्हणाला. "श्रावणातल्या सोमवारी ते पोटात चालंल का? मासाच झाला ना तो."

महादूने विचार केला. "खाल्लेलं नाय. बसवलेलं हाय. चालंल."

"आन् नायच बसवलं तर पळी ज्योतीची," हैबती चहाचा घोट घेत म्हणाला. "पिशवी नसलेल्या बाईची पळी आपल्यात आजवर झालेली नाय."

"मला नको ती पळी," ज्योती म्हणाली. "मला वासानंच मळमळतं."

"नको म्हनून चालतं व्हय गो? गोठा मग कुनाच्या नावावं चालवायचा, म्हशींच्या?"

मी साळूकाकीकडे वळलो. जीव तिचा होता, पळी तिची होती. "काकी, तुला तरी पटतंय ना मी काय सांगतोय ते?"

तिने सुपातून एक खडा काढून लांब फेकला. "मला काय कळतंय? तू शिकलेला."

मी उतरलो तेव्हा मला दोनपैकी नेमकं काय ठरलं ते कळत नव्हतं. जेलीफिश आणल्याशिवाय ऑपरेशनला होकार नाही, की ऑपरेशनला होकार आहे पण जेलीफिश आणलाच पाहिजे. दोन्हींतला फरक मी रात्री वहीच्या मागच्या पानावर मांडून बघितला. सुटला नाही.

सोडवायची वेळही आली नाही. पुढच्याच आठवड्यात काकीला अशी कळ आली की ती गोठ्यात शेणावरच बसली. ज्योतीने मला फोन केला तेव्हा जीप खाली उतरायला लागली होती. मी पोलादपूरला स्टँडजवळ उभा राहिलो आणि तिथून त्यांच्या जीपमध्ये चढलो. काकी मागच्या बाकावर मुटकुळं करून पडली होती, डोकं ज्योतीच्या मांडीवर. चेहरा पिवळसर दिसत होता.

"राजू," ती डोळे मिटूनच म्हणाली, "ते परत सांग. ते चरबी कसं पचवतं."

"काकी, आता राहू दे."

"सांग म्हनते ना."

मी सांगितलं. तंतू, रस, विकरं, लायपेज. जीप खड्ड्यातून गेली की ती दात आवळायची आणि मी थांबायचो. मग ती हाताने खूण करायची, पुढे.

"आन् पचलं की टाकतं कुठनं?"

"तोंडातूनच. त्याला वाट एकच असते. खायचं तिथून, टाकायचंही तिथूनच."

"म्हंजे आपल्या हैबतीसारखं," काकी म्हणाली. जीपवाला हसला, ज्योती हसली. काकी हसली नाही, तिला कळ आली होती.

दवाखान्यात डॉक्टर सारिकांना मी बाजूला घेऊन सगळी हकीकत सांगितली. त्यांनी ती तोंडावरची रेष न हलवता ऐकली.

"सर, तुम्ही त्यांना जेलीफिश सांगितलात?"

"तुलनात्मक शरीरशास्त्र म्हणून."

"ठीक आहे. मी खरं काय ते सांगते. पेशंटला अंधारात ठेवून मी हात लावत नाही." आणि काकीच्या खाटेशी जाऊन त्यांनी स्वच्छ मराठीत सांगितलं, "आजी, आम्ही फक्त पिशवी काढणार. आत काही बसवणार नाही. कुठलाही प्राणी नाही, मासा नाही, काही नाही. समजलं?"

"समजलं," काकी म्हणाली. "काढा."

"नक्की?"

"काढा म्हनते ना."

डॉक्टरांनी माझ्याकडे विजयाने बघितलं आणि त्या आत गेल्या. त्यांची पाठ वळताच काकी ज्योतीला म्हणाली, "असंच बोलावं लागतं त्यांना. सरकारचं भ्याव असतं."

मी तोंड उघडलं. पण स्ट्रेचर आलं.

ऑपरेशन चांगलं झालं. पोटावर चार छोटी छिद्रं, बस. खडे एका बाटलीत घालून दिले. मुंबईहून धावत आलेल्या मंगेशने ती बाटली उजेडात धरून तज्ज्ञासारखी हलवली. काकीला जाग आली तेव्हा मी जवळ होतो.

"झालं?"

"झालं, काकी. सगळं नीट झालं."

"बसलं?"

"काकी, काहीच बसवलेलं नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं ना."

तिने माझ्या हातावर हात थोपटला. "तू नाय बोलायचंस. मला ठावं हाय."

काय ठाऊक आहे, ते तिने सांगितलं नाही. बसवलंय हे ठाऊक आहे, की नाही बसवलं हे ठाऊक आहे, की मी काय बोलायचं नाही ते ठाऊक आहे. मी विचारणार होतो, पण ती झोपली.

वाडीत बाटलीचं दर्शन झालं. हैबतीने काकीच्या पोटावरच्या पट्ट्यांची चौकशी केली आणि शंका काढली, एवढ्या बारीक भोकातून ते जनावर आत गेलं कसं.

"हाडं नसतात ना त्याला," मंगेश म्हणाला. "दादाला विचार."

हैबतीने माझ्याकडे बघितलं. हाडं नसतात हे खरंच होतं.

चांदी व्याली तेव्हा साळूकाकी पुन्हा गोठ्यात वावरायला लागली होती. मी डॉक्टर सारिकांना फोन करून विचारलं की आता तूप चालेल का.

"चालेल की. थोडं थोडं."

"पळीभर चालेल?"

"केवढी पळी?"

"देवळातली. पितळेची."

"सर, लग्नात आचाऱ्याच्या हातात असते तेवढी?"

"तेवढीच."

"अर्धी घ्यायला सांगा. आणि मला हे सगळं विचारण्यापेक्षा तुमच्या जेलीफिशला विचारा."

पळीच्या दिवशी मला मुद्दाम बोलावणं होतं. मला काकीच्या घरच्या ओट्याच्या खाली, सगळ्यांना दिसेल असा, खुर्चीवर बसवलं. बाकी वाडी जमिनीवर. मला वाटलं मान देतायत. मग कळलं की काही उलटसुलट झालं तर विचारायला माणूस समोर हवा होता. देवळात भैरीपुढे दिवा लागला. महादूने पातेल्यात पळी बुडवून वर काढली. कणीदार, पिवळंधमक तूप काठोकाठ थरथरत होतं.

मी उठून काकीच्या कानाशी गेलो. "काकी, डॉक्टरांनी अर्धीच सांगितलीय."

"अर्ध्या पळीला अर्धा गोठा मिळतो का रे?" ती म्हणाली आणि पळी तोंडाला लावली.

ती थांबली नाही. शेवटचा थेंबही तिने बोटाने निपटून घेतला, पळी ज्योतीच्या हातात दिली आणि ओट्यावर खांबाला टेकून बसली. आता फक्त बघायचं होतं. वाडी बघत होती. हैबती तर तिच्या उजव्या हातावरून नजर काढत नव्हता. मी मनातल्या मनात तिच्या आत काय चाललं असेल त्याचा हिशेब करत होतो. यकृतातून पित्त उतरतंय, तूप फुटतंय, लायपेज लागलंय कामाला. मधेच माझ्या डोळ्यांपुढे ते पांढरे बारीक तंतू यायला लागले, तुपाच्या थेंबांना बिलगणारे. मी ते झटकले. परत आले.

उन्हं कलली. काकीचा हात पोटाकडे गेला.

हैबती अर्धवट उठला. ज्योतीने हातातला तांब्या खाली ठेवला. मी माझ्याही नकळत स्वतःचं पोट धरलं, बरोबर पित्ताशयापाशी. काकीच्या हाताने पोटावर जरा चाचपलं, मग कमरेची गाठ सोडली आणि तंबाखूची पिशवी बाहेर काढली. तिने चिमूट मळली, दाढेत धरली आणि हैबतीकडे बघितलं. हैबती परत खाली बसला.

खालच्या उतारावरून घंटा वाजायला लागल्या. पहिली म्हैस वाडीत शिरली, मागून बाकीच्या. चांदी रेडकाच्या ओढीने सरळ गोठ्यात पळाली. महादूने हात जोडले.

"पळी साळूबाईची," तो म्हणाला.

"कसं वाटतंय, वयनी?" हैबतीने विचारलं. एवढं विचारायचा त्याला हक्क होता.

साळूकाकीने जीभ ओठांवरून फिरवली. जरा विचार केला.

"बरं हाय," ती म्हणाली. "जरा खारट लागतंय."

सगळी वाडी मान डोलवायला लागली. एकमेकांकडे बघून, समाधानाने, समुद्रातलं म्हटल्यावर हे असंच होणार होतं, अशा थाटात. मंगेशने मोबाइलवर काहीतरी लिहायला घेतलं. काकी उठली, गोठ्याच्या दारात उभी राहून तिने सांगितलं की चांदीला ठेवायचं आणि शिंगवाकडीला काढायचं, आणि आत गेली. माझ्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही.

ज्योती चहा घेऊन आली. "भाऊजी, खरंच नाय ना बसवलं?"

"नाही."

"तेच म्हनते मी." तिने कप माझ्या हातात दिला. "मग खारट कशानं लागलं?"

पातेलं ओट्यावरच होतं. तूप आता सगळ्यांना मोकळं होतं. मी बोट बुडवून चाखून बघितलं. मग परत एकदा. ज्योती वाट बघत होती.

"थांब," मी म्हटलं, आणि तिसऱ्यांदा बोट बुडवलं.